खुंटीवरचे कोयते

पंचशीलास कचरूचा लातूरहून जयभीम.

मायच्या खुब्याचं ऑपरेशन मंगळवारी नीट झालं, काळजी करू नकोस.

फक्त भूल उतरल्यापासून ती मला ऊसतोडीचा मुकादम समजते. काल "मुकादमा, कोयता दे, तुला सोलते!" म्हणत माझ्या कपाळात तांब्या हाणला. चार टाके पडले. नर्सलाही चावली.

डॉक्टर म्हणतात, हे बहुतेक उतरेल. पण आधीच विसरणाऱ्या म्हाताऱ्यांचं भुलीनंतर कधीकधी वाढतं. दोष भुलीचाच, असं ठरलेलं नाही. ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर 'विसरते का?' पुढं मीच सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं. माय तवा चुलीवर विसरते म्हणालीस, तेव्हा तुलाच झापलं होतं. ती कधीपासून विसरते ते तारखेसह कळव, डॉक्टरांना सांगायचंय. फोनवर विचारवेना.

आम्ही येण्याआधी खुंटीवरचे दोन्ही कोयते तुझ्या भावाकडे ठेव. तिचा हात अजून नेमका बसतो.

तुझा,
कचरू