शुद्धीवर होतो तेव्हा

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांच्या ऑपरेशननंतर भावोजींना स्वच्छ दिसतंय, असं तुझ्या लेकीकडून कळलं. बरं वाटलं. माझंही ठीक चाललंय. लागोपाठ चार महिने थुंकीचा रिपोर्ट चांगला आलाय, वजन तीन किलोंनी वाढलंय. रोज दोन तास कामावर जाऊन बसतो. वारा लागावा म्हणून मालकांनी दारालगतचं टेबल दिलंय. पुस्तकं शिवायला अजून दम पुरत नाही, पण छापून आलेल्या कागदांच्या, फर्म्यांच्या, घड्या घालतो.

घड्या घालताना तुझी फार आठवण येते. आपल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली बाइंडरकाकांचं दुकान, जिन्यात कायम खळीचा आंबूस वास. मी वीस वर्षांचा, तू चोवीसची. कुणीतरी माझं नाव घेतंय असं म्हणत मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचो. बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगा मामाकडे गेलाय. एक दिवस तू खालून कागदांची चळत घेऊन वर आलीस आणि म्हणालीस, काकांना मदत हवीय. काकांना कसली मदत हवी होती. तूच त्यांना गळ घातली होतीस, हे मला फार नंतर कळलं. तू घडी घालायचीस, मी हाडाच्या पट्टीनं दाबायचो. घडी तिरकी पडली की म्हणायचीस, "हे पुस्तक लंगडत चालणार." त्या वर्षात मी पहिल्यांदा हसलो तो त्यावर. संध्याकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला न्यायचीस, माझ्या सदऱ्याची बाही धरून. हात धरू द्यायला मला लाज वाटायची.

बरा झाल्यावर आपण ठरवलं, हा विषय कुणाकडे काढायचा नाही. माझ्या लग्नातही नाही. तू सव्वीस वर्षं शब्द पाळलास.

जुनं आठवत बसलोय आणि मुद्द्याचं टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

माझा टीबी साध्या औषधांना दाद देत नाही असं कळलं, तेव्हा नव्या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरे काही आजार आहेत का. साखर, रक्तदाब, मूत्रपिंड, मनाचं काही. मी म्हटलं, काही नाही. तपासणीत साखर निघाली. ती मी सगळ्यांना हसत सांगितली, टीबीचा पाहुणा रिकाम्या हातानं आला नाही म्हणून. दुसरं मात्र गिळून बसलो. तू शेजारीच होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलीस.

नव्या गोळ्यांच्या पाचव्या आठवड्यात भिंत पुन्हा बोलायला लागली. तू आणि ही, दोघी मिळून माझ्या पाण्यात काहीतरी घालताय असं मला वाटायला लागलं. मी तुला पेला फेकून मारला. त्याच दिवशी तू डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलंस, हिच्यासमोर. डॉक्टर म्हणाले, त्यातली एक गोळी काहींच्या मनावर परिणाम करते, आधी असं होऊन गेलं असेल तर धोका जास्तच. त्यांनी ती बदलली. हळूहळू डोकं ताळ्यावर आलं.

पेला आजारानं मारला, ताई. पण त्यानंतर महिन्याभरानं तू भेटायला आलीस, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. "तू माझा संसार उघड्यावर आणलास. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," हे मी बोललो. आवाजही न चढवता. तू चपला घातल्यास आणि निघून गेलीस. त्याला सात महिने झाले.

हिनं मला तेव्हापासून एका शब्दानं छेडलं नव्हतं. मला वाटायचं, आपल्याशी लग्न केल्याचा मनातल्या मनात पस्तावा करत असेल. परवा माझ्या गोळ्या काढून देताना तिनं विचारलं, "त्या पहिल्या वेळी तुमच्यापाशी ताई एकट्याच होत्या का हो? त्यांचं स्वतःचं काय चाललं होतं तेव्हा?"

 मला ते आठवावं लागलं. शिक्षिका व्हायचं म्हणून तू अध्यापक विद्यालयात जात होतीस. दुसरं वर्ष होतं. ते सोडून तू घरी बसलीस आणि पुन्हा कधी गेली नाहीस. का, ते मी एकदाही विचारलं नाही. कुणाला न सांगण्याचा तुझा शब्द तेवढा धरून ठेवला.

हे सांगितल्यावर हिनं गोळ्यांचा डबा बंद करून ठेवला. मग म्हणाली, "माझ्यापासून लपवलंत, त्याचा राग आहे मला. तो जाईल कधीतरी. पण ताईंकडे तुम्ही जायला हवं."

गोळ्या अजून सहा महिने आहेत. माझ्यापासून आता कुणाला लागण व्हायची नाही, असं डॉक्टर म्हणालेत. रविवारी सकाळी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तुला दार उघडावंसं वाटलं नाही तर मी पायरीवर बसेन, तेवढा दम आलाय आता. तुला मुलांना काय शिकवायचं होतं, हे मला माहीत नाही. ते विचारायचंय.

तुझा, फार उशिरा विचारणारा,
धाकटा