कापता येईल असं काहीतरी

४ ऑक्टोबर

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद. पस्तिशी उलटली तरी धाकट्या बहिणीला ‘चिरंजीव’च लिहायचं असतं, तेव्हा तक्रार करू नकोस.

इकडे सगळे ठीक. सकाळी सातला मटणाचं दुकान उघडतो, दोनला ओंडका खरवडून, मीठ चोळून शटर खाली ओढतो. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, माझी पाठ कुरकुरते, म्हणजे संसारात एकमत आहे. बाबांनी सुरी माझ्या हाती देऊन चार वर्षं झाली, पण रोज येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि मी ती कशी चुकीची धरतो हे गिऱ्हाइकांना समजावून सांगतात.

आता मुद्द्याचं. दोन नोव्हेंबरला बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. मोठं जेवण करायचं ठरलंय. परवा ते म्हणाले की टेबलावरचं मटण नेहमीसारखं मीच कापणार, पण या वेळी मुंगीची खुर्ची रिकामी नको. एवढं बोलून पेपर वाचायला लागले. पेपर उलटा धरला होता असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, सुलटाच होता. डोळे मात्र एकाच ओळीवर होते.

तू घरी येऊन सहा वर्षं झाली गं. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. तुला चालेल असं काय करू ते कळव. वहिनी म्हणते दोन भाज्या आणि एक कोशिंबीर वेगळी करू, तुझ्या भांड्याला कुणी मटणाचा चमचासुद्धा लावणार नाही.

उत्तर दे. लोभ आहेच, तुझ्याकडचा अधूनमधून दाखवत जा.

तुझा दादा

९ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्याकडे सध्या एका शाळेचे चाळीस नकाशासंग्रह बांधणीला आलेत. पोरांनी अख्खे देश फाडून नेलेत, त्यामुळे उरलेलं जग शिवत बसले आहे. बोटांना खळ चिकटलेली आहे, अक्षर त्यामुळे असं. आणि हो, खळ मैद्याचीच आहे. पुस्तकाच्या खळीत हाडं उकळतात हा तुझा जुना विनोद याही पत्रात येणार होता, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दोन भाज्या आणि कोशिंबिरीबद्दल वहिनीला मनापासून धन्यवाद सांग, पण तेवढ्यासाठी मी येणार नाही. रागावू नकोस, नीट वाच. मी मांस सोडलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर आपल्या घरात मी कधी उपाशी राहिले नाही. आई गेल्यावर बाबांनीच स्वयंपाक हातात घेतला आणि माझ्यासाठी भाजी रोज केली. पण सणावाराच्या जेवणाला काय व्हायचं आठव. ती अख्खी भाजलेली तंगडी मधोमध यायची, बाबा उभे राहून कापायचे, एकेकाचं ताट हातोहात त्यांच्याकडे जायचं. शेंडेफळ म्हणून पहिला तुकडा माझा असायचा. आणि तुकडा ताटात ठेवला की ते दुकानातल्यासारखं विचारायचे, अजून काय देऊ? मग माझं ताट तिकडे जायचं बंद झालं. मी उठून स्वयंपाकघरात जायचे, भाजी वाढून घ्यायचे आणि परत येऊन बसायचे. दहा वर्षं. मला भाजी कमी पडली नाही रे. बाबांच्या हातचा तुकडा मिळेना, हे दुखत होतं.

आणि मग ते सूप. बाबांनी भाजीचं म्हणून दिलं. मी दोन वाट्या प्यायले, तिसरी मागितली, तेव्हा त्यांनी हसत सांगितलं की त्यात हाडांचं पाणी आहे. सगळे हसलात. तूसुद्धा.

तेव्हा माझ्या दोन अटी. टेबलाच्या मधोमध असं काहीतरी असावं, जे मला चालेल आणि बाबांना उभं राहून कापता येईल. आणि त्यात काय आहे हे मला खरं सांगावं. जमत असेल तर कळव. नसेल तर पंच्याहत्तरीचा नमस्कार इथूनच करेन.

वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी, तुझ्या पाठीची नाही. माया आहे, पण सध्या घडी घालून ठेवली आहे.

तुझी मुंगी

१८ ऑक्टोबर

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि वहिनीने मोठ्याने वाचलं, बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही ते कळत नाही, कारण संध्याकाळी ते फक्त एवढंच म्हणाले की फ्लॉवर आणून बघ.

अख्खा फ्लॉवर ओव्हनमधून सोनेरी होऊन निघाला, राजासारखा. बाबांनी सुरी टेकवली आणि राजाचा भुगा झाला. दुसऱ्या दिवशी अक्रोड आणि डाळीचा वडीसारखा लांब गोळा केला. बाबांनी तो सवयीने दोऱ्याने आवळून बांधला. दोरा कापला तेव्हा गोळ्याने इतका मोकळा श्वास घेतला की टेबलभर पसरला. वहिनीने तो चमच्याने वाढला. बाबा म्हणाले, चमच्याने तर कुणीही वाढतं.

काल लाल भोपळा आणला. वरची टोपी कापून आतला गर कोरला, त्यात भात, अळंबी, अक्रोड, मनुका भरले, टोपी परत ठेवून दोन तास भाजला. मुंगे, तो उभा राहिला! बाबांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, सांधा कुठे असतो म्हणून बोटांनी चाचपलं, मग वरून खाली एक चीर दिली. फोड अख्खी निघाली, भातासकट. बाबांचा चेहरा बघायला हवा होतास. दोन फोडी खाल्ल्या त्यांनी, शेजारच्या शिंपीणबाईंना एक पाठवली. मी तर पत्राचा मजकूरही मनात जुळवला होता.

नंतर भांडी घासायला घेतली आणि हात थांबले. भात मी हाडांच्या पाण्यात शिजवला होता. ते पातेलं शेगडीवर कायम असतं, तुला ठाऊक आहे. तू गेल्यापासून भाताला पाणी म्हणून मी तेच ओततो. लक्षातसुद्धा आलं नाही. शपथेवर सांगतो, या वेळी गंमत नव्हती.

न लिहिता दोन तारखेला साध्या पाण्यात भात केला असता तर तुला कधीच कळलं नसतं. वहिनीने तसं सुचवलंही. पण तू दुसरी अट घातली आहेस, म्हणून लिहिलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते चप्पल घालून बाहेर गेले.

आता तू येशील असं वाटत नाही. तरी पत्र पाठवतोय.

दादा

२३ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

तुझं पत्र वाचून मी ते कातरणांच्या टोपलीत फेकलं. मग चहा केला, मग ते टोपलीतून काढून इस्त्रीसारखं हाताने सरळ केलं. तुझा राग आला हे खरं आहे. इतकी वर्षं झाली तरी आपल्या घरात हाडांचं पाणी म्हणजे पाणीच!

पण तू लिहिलंस. कुणी विचारलं नव्हतं, तरी लिहिलंस. त्या सुपाच्या वेळी एकानेही आधी सांगितलं नव्हतं, हे आठवून मला जरा रडूच आलं. थेंब नकाशावर पडला, एक समुद्र वाढला.

यायचं की नाही हे अजून ठरत नाही. तुझ्यावर माझा राग आता उरला नाही. पण सूप तू दिलं नव्हतंस, दादा.

पाठीला शेक दे. चौकशी केली असं समज.

मुंगी

२७ ऑक्टोबर

चि. मुंगीस,

मला पत्र लिहिता येत नाही. हा कागद दुकानातला पुडी बांधायचा आहे, पण कोरा आहे, त्यात काही बांधलेलं नव्हतं.

तुझं पत्र मला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. तुझं ताट माझ्याकडे येत नाही हे मला दर जेवणाला दिसायचं. मला वाटायचं, हिला माझा धंदाच नको झाला, मीही नको झालो. सूप दिलं ते म्हणून. जिभेला चव लागली की परत येशील, असं वाटलं. तू तिसरी वाटी मागितलीस तेव्हा मला इतका आनंद झाला की हसलो. तुला फसवलं होतं आणि हसलो. ते वाईट केलं. सहा वर्षं हे एक वाक्य मला लिहिता आलं नाही.

त्या दिवशी बाहेर गेलो तो नवं पातेलं, नवा पाट आणि नवी सुरी घेऊन आलो. सुरीच्या मुठीला हिरवा दोरा गुंडाळला आहे, म्हणजे तुझ्या दादाचा हात सवयीने तिच्याकडे जाणार नाही. भात मी स्वतः करणार, नळाच्या पाण्यात. भोपळ्याला हाड नसतं, त्यामुळे सुरीला रस्ता कोण दाखवणार? म्हणून रोज एक कापून बघतो. घरात सगळ्यांना रोज भोपळाच खावा लागतो, म्हणून ते आता माझ्याकडे बघायचं टाळतात.

मधोमध फक्त भोपळा असेल. तंगडी स्वयंपाकघरात राहील. ज्याला हवी त्याने उठून घ्यावी.

ये.

बाबा

६ नोव्हेंबर

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

काल सुखरूप पोचले. डब्यातली फोड गाडीतच संपली, डबा धुऊन ठेवला आहे.

दादा तंगडीसाठी तीनदा उठला आणि तिसऱ्या वेळी म्हणाला की हे असं उठबस करत जेवणं फार अपमानाचं आहे, तेव्हा मी हसले ते तुम्ही पाहिलंत. दहा वर्षांचं हसू होतं ते, जरा जास्त झालं. त्याला सांगा, मला मुळीच वाईट वाटत नाही.

पण त्या आधीचं लिहायला हे पत्र. वहिनीने माझं ताट उचललं, शिंपीणबाईंकडे दिलं, त्यांनी दादाकडे, दादाने तुमच्याकडे. तुम्ही चीर दिलीत तेव्हा फोड एका कुशीवर पडता पडता राहिली. तुम्ही ती दोन बोटांनी सावरून माझ्या ताटात उभी केलीत आणि विचारलंत, अजून काय देऊ?

मी मान खाली घालून मीठ मागितलं. मीठ चांगलं पडलं होतं, बाबा. उगाच मागितलं. तुम्हाला वाटलं असेल की भोपळा अळणी झाला, म्हणून हा खुलासा.

नकाशासंग्रह शनिवारी सकाळी शाळेत पोचवते आणि दुपारच्या गाडीने निघते. भोपळा आणून ठेवा. उत्तर द्यायला चार दिवस लागले, पण आता देते: अजून एक तुकडा.

तुमची मुंगी