तुमचे तीन पालथे पत्ते

अहो,

उद्या तुमची तेरवी. आपली मीनू सकाळपासून मागे लागली आहे, "आई, टेबल खाली करना पड़ेगा, लोग आएँगे." म्हणून लिहायला बसले. टेबलावर आपला डाव होता तसाच होता. तुमचं लाल विमान, माझं पिवळं, माझे पत्ते आणि तुमचे तीन पालथे पत्ते. ते उघडू की नको, हे कोणाला विचारणार होते मी?

आठवतं का? रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळहून तुमची बदली झाली, आणि समता कॉलोनीत आपल्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. तुम्ही कुठल्याशा मासिकात पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या लढाईचा खेळ पाहिला आणि आगपेटीच्या काड्यांची विमानं करत बसलात. रिकाम्या रिफिलींवर ती उभी केलीत. लाल रंगासाठी माझी नेलपॉलिश संपवलीत! पत्ते तर आपल्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून केलेले. किती चिडले होते मी!

कायदेही तुमचेच. पुढच्या तीन चाली, सरळ, डावीकडे की उजवीकडे, आधीच ठरवायच्या, पत्ते पालथे ठेवायचे, मग दोघांनी बरोबर एकेक उलटायचा. ठेवलेल्या पत्त्याला पुन्हा हात लावायचा नाही. जो दुसऱ्याच्या पाठीमागे पोचेल, त्यानं गोळी झाडायची. तीन गोळ्या लागल्या की विमान पडलं.

आणि तुम्ही नेहमी डावीकडे वळायचात. स्कूटरवरही तेच! सदर बाजारात गर्दी कापून उजवीकडे वळायला नको, म्हणून अख्ख्या बाजाराला वळसा घालायचात, आणि मी मागे पिशव्या सांभाळत बसलेली. मला काय, मी डावीकडे दबा धरायची आणि दर रविवारी जिंकायची. वर आल्यागेल्याला तुम्हीच कौतुकानं सांगायचात, "हिले हरवणं आपल्या बसची बात नाही, भैया."

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तुम्ही पत्ते ठेवलेत आणि छाती चोळत उठलात.

"थोडा पडतो. पत्ते पाहू नको हं, मी येऊनच राहिलो."

"हरायची पाळी आली का बरं दुखते तुमाले!" मी म्हटलं.

तुम्ही हसलात. चहाला हाक मारायला आले, तर तुमचा हात गार पडला होता. असं कोणी डाव अर्धा टाकून जातं का हो? मला तर अजून तुमचाच राग येतो, आणि राग आला की रडूच येतं.

आज दुपारी मीनू सामान आणायला गेली, तेव्हा दार लावून घेतलं. आधी माझे पत्ते उलटले. मग तुमचा पहिला. सरळ. दुसरा. सरळ. तिसऱ्याला हात लागेना. शेवटी उलटला.

उजवीकडे!

विमानं हलवून पाहिली. मी सवयीनं डावीकडे तुमची वाट अडवून बसलेली, आणि तुम्ही बरोबर माझ्या पाठीमागे. माझ्या विमानाला आणखी एकच गोळी पुरे होती. जिंकलात हो तुम्ही! जन्मात पहिल्यांदा उजवीकडे वळलात आणि ते पाहायला थांबला नाहीत. म्हणूनच जाताना हसलात का?

टेबल आता पुसते. पण उद्या पंगतीला जो जो येईल, त्याला मी स्वतः सांगेन, शेवटचा डाव ह्यांनी जिंकला. हे माझं वचन.

तुमची,
हरलेली मंदा