सुनंदाची पट्टी

४ ऑगस्ट, डोंबिवली
सुनंदाला पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून बोलणं बंद. कळतं सगळं, शब्द निघत नाहीत. आज स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "काका, बोलता न येणाऱ्यांना कधीकधी गाता येतं. आणि तुम्ही तर गाणी लिहिता, चाली बांधता!" मसाल्याच्या जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, पोरांची पुस्तकं, सगळं लिहून झालं. छत्री वाळवायचं यंत्रही केलं होतं (छत्र्या फाटल्या). आता बायकोसाठी "चहा हवा" लिहायचं.

७ ऑगस्ट
डबा तयार. जुन्या डोअरबेलचा स्पीकर, वर बटणं. दाबलं की माझ्या आवाजात ओळ, तिने सोबत गायची. चहा हवा. पंखा लाव. पाय दुखतो. चहावर आधी तीन कडवी झाली होती. लेकीला, मुक्ताला, फोनवर ऐकवली. "बाबा, तोवर चहा गार होईल रे!" कापली.

१० ऑगस्ट
बटण दाबते, ओठ हलवते, आवाज घशातच. दुपारी डबा ढकलून दिला, भिंतीकडे तोंड करून पडली. तिचा "अहो" ऐकल्याशिवाय मला करमत नाही, हे सांगू कुणाला? बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

११ ऑगस्ट
मुक्ता आली. घोडबंदरच्या ट्रॅफिकने पार वैतागलेली. डबा ऐकला नि कपाळाला हात लावला. "अरे बाबा, तू सगळं तुझ्या पट्टीत, काळी एकमध्ये गायलायस. आई काळी चारमध्ये गाते ना? एवढ्या खाली ती कशी गाणार?"
गाढव मी! जन्मभर गायिकेची पट्टी विचारल्याशिवाय चाल बांधली नाही. घरच्या बाईला विचारलंच नाही.

१२ ऑगस्ट
मुक्ताच्या आवाजात, वरच्या पट्टीत, पुन्हा भरलं. मधेच निर्मात्याचा फोन, गणपतीचं गाणं आजच हवं. नाही म्हणालो. संध्याकाळी सुनंदाने सुरात "चहा" म्हटलं. "हवा" नाही आलं. तरी दोन कप चहा पाजला.

१६ ऑगस्ट
कुकर लावत होतो. आतून बारीक सूर आला. डबा तर बंद.
"अहो, तुम्ही..."
चाल तिची स्वतःची. ओल्या हातानेच धावलो. तुम्ही काय? जेवलात का? दमलात? बसा जरा? लोकांच्या ओळी पुऱ्या करण्यावर पोट भरलं माझं. सगळे शब्द जिभेवर आले, गिळले. ही ओळ तिची आहे.
ओठ हलतायत. शोधतेय. मी शेजारी बसून आहे.