पाच घोडे आणि शेवटचा वाफा

माय,

परवा पिपरी मेघे गावातल्या माझ्या घरी छतावरच्या टाकीसाठी नवी मोटर बसवली. अर्ध्या हॉर्सपॉवरची. बसवणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, अर्ध्या घोड्यात भागते का तुमचं?" आणि मला असं हसू फुटलं की तो बुचकळ्यातच पडला. त्याला काय सांगणार, की पाच घोड्यांनी मला मोटेवरून उचलून हिंगणघाटच्या शाळेत नेऊन बसवलं, आणि त्यांचा लगाम तुझ्या हातात होता! तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. राहवत नाही.

बाबा गेल्यावर अल्लीपूरच्या मळ्यात मोट हाकायला मीच उरले होते. गावातली चौथी झाली आणि माझी शाळा संपली. बैल धावेच्या उतारावरून खाली न्यायचे, मोट वर येऊन पाण्याच्या दांडात रिकामी झाली की मागे आणायचे, पुन्हा खाली. मिरचीचा शेवटचा वाफा भिजेपर्यंत दिवस बुडायचा. विहीर मोठेबाबांची आणि आपली सामाईक, म्हणून शब्द त्यांचा. ते तुझे भासरे, बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर आणि बोलणं माझ्यामार्फत. ते हातभर अंतरावर बसलेले असले तरी तू मलाच म्हणायचीस, "सांग तुह्या मोठेबाबाले, पोरीले पुढं शिकवाचं हाय." तेही मलाच म्हणायचे, "सांग तुह्या मायले, मंग मोट कोन हाकन?" मी मधे उभी. माझ्याच आयुष्याचा निरोप इकडून तिकडे पोचवायची आणि चिडायची.

स्वराज्य येऊन फार वर्षं झाली नव्हती. एका दुकानदारानं तेलाचं इंजिन आपल्या विहिरीवर आणून ठेवलं, पाच हॉर्सपॉवरचं. पटलं तर ठेवा, नाही तर परत नेतो, म्हणाला. मोठेबाबांनी आपला हिशोब केला: पाच घोडे म्हणजे पाचपट पाणी. त्यांनी पलीकडच्या पडीक तुकड्यातही दांड खोदून घेतले आणि गावाला बोलावणं धाडलं.

सकाळी इंजिन धडधडायला लागलं. पाण्याचा लोट असा आला की म्हातारी माणसंसुद्धा पोरांसारखी ओरडली. मी बैलांपाशी उभी राहून पाहते आहे, पाणी मिरचीत शिरलं, वाफ्यामागून वाफा भरला. आणि दुपार व्हायच्या आत पाइप घरघरला. विहिरीचा तळ दिसत होता. पडीकातले दांड कोरडेच राहिले.

मोठेबाबा भडकले. "पाच घोडे म्हनते अन् पानी बैलाएवढंच! न्या म्हना हे धूड वापस!" लोक हसायला लागले. मी बैलांचा कासरा पुन्हा हातात धरला, इंजिनाबरोबर गेली माझी शाळा.

तू मात्र शेवटच्या वाफ्याकडे चालत गेलीस, वाकून चिखलात हात घातलास आणि तो तसाच बरबटलेला हात घेऊन परत आलीस. पदर डोक्यावरच होता, पण त्या दिवशी तू माझ्याकडे वळली नाहीस. थेट मोठेबाबांसमोर उभी राहिलीस.

"इहिरीत होतं तेवढंच पानी निघन नं? घोडे काय पानी पैदा करते? शेवटचा वाफा भिजला, हे पाहा. आता वर पाहा, सूर्य कुठं हाय! ह्याच पान्याले बैलाले अख्खा दिवस लागते. उरलेला दिवस माह्या पोरीचा हाय. तो मले द्या."

मोठेबाबांनी तुझा हात पाहिला, वर सूर्य पाहिला, मग माझ्याकडे वळले. "सांग तुह्या मायले, इंजिन राह्यलं. हँडल मी मारीन." मी काही सांगितलं नाही, उड्या मारत मळाभर धावले.

पुढे हायस्कूलात गुरुजींनी शक्ती, म्हणजे पॉवर, शिकवली. काम किती झालं एवढ्यावर शक्ती ठरत नाही, ते किती वेळात झालं हे पाहावं लागतं, म्हणाले. अख्खा वर्ग वहीत उतरवून घेत होता आणि मी बाकावर ऐटीत बसले होते, कारण मला ते विहिरीवरच कळलं होतं. मग मीही शिक्षिका होऊन जन्मभर तेच शिकवलं. माझ्या कितीतरी मुली आज वीज कंपनीत आहेत, माय. तुझा तो अर्धा दिवस कुठवर पोचला बघ!

इंजिन आलं त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तू बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलंस, जेवणाचं आवतण दिलंस आणि वाटी घेऊन इंजिनाकडे निघालीस. "ह्याचा खांदा कुठं हाय वं?" मी पोट धरून हसले. तू चाकालाच हळद लावलीस.

हे पत्र कपाटातच राहणार. शाळेत मी कडक विज्ञानवाली म्हणून प्रसिद्ध होते, असल्या गोष्टींवर मुलींना झापायची. पण दर वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, घरात कोणी नाही असं पाहून, मी वाटीत हळद-तूप घेते, मोटरीला बोट लावते आणि हळूच म्हणते, आज आवतण घे, उद्या जेवाले येजो.