वेचलेले दगड

आबा,
सोनल पाया पडते.

इथे धारकडे रेंज नाही, म्हणून शिरपूरला निघालेल्या ट्रकवाल्या भाऊकडे चिठ्ठी देतेय. आमचं बठ्ठं बरं शे. काम जड नाही. दिवसभर उकिडवं बसून ब्रशने माती झाडायची. पाठ तेवढी धरते.

कोट्यवधी वर्षांपूर्वी डायनासोरांनी इथे अंडी घातली, त्यांचे दगड झालेत. तेच शोधायला एक संशोधक मॅडम आल्यात, त्यांच्या हाताखाली आम्ही.

पहिल्या दिवशी मॅडम यायच्या आधी आम्ही बायकांनी, पेरणीआधी शेत वेचतो तशी, सगळी जागा वेचून काढली आणि दगड कडेला नीट रचले. वाटलं, मॅडम खूश होतील. त्यांत अंड्यांच्या कवचाचे तुकडे होते. कुठला कुठे पडला होता, त्यावरूनच घरटं कुठे होतं ते कळतं, आणि ते आता कुणालाच सांगता येत नाही. मॅडम ढिगाजवळ नुसत्या बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आम्ही ढिगातला एकेक दगड उलटून बघतोय. जीव शिणलाय.

तुमचा गुडघा कसा आहे? अक्का तेल लावून देते का?

जन्मभर तुम्ही आपल्या शेतातले दगड वेचलेत, आबा. यंदा वाकू नका. मी येईपर्यंत ते आहेत तिथेच राहू द्या.

तुमची लेक,
सोनल