घर फिरवून पाहताना

रायपूर,
दि. ९ जानेवारी २०२५

आदरणीय सरिताताईस,

धाकट्या अंजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे आम्ही बरे आहोत, गोंदियाच्या थंडीत तुझे गुडघे सांभाळ. फोनवर तुले ऐकू येत नाही आणि मले ओरडणं जमत नाही, म्हणून कागदच बरा. जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून राहिली, हसू नको. कोरी बाजू माझ्यानं फेकवत नाही.

लोकेशची बदली बिलासपूरला झाली, हे तुले माहीतच आहे. इथलं घर विकून तिकडे घ्यायचं, हे मलेही पटलं. हे गेल्यापासून एकटीनं एवढं घर झाडणं होत नाही. समता कॉलोनीत भार्गव नावाचा एक दलाल आहे. मागच्या हप्त्यात मी विहारात गेली असताना तो तिपाईवर कॅमेरा ठेवून सगळ्या खोल्यांचे फोटो काढून गेला. हे फोटो साधे नाहीत, ताई. कम्प्युटरवर उघडले की आपण जणू खोलीच्या मधोमध उभे. माऊस दाबून ओढला की खोली आपल्याभोवती फिरते. जमिनीवर बाण असतात. बाण दाबला की दुसऱ्या खोलीत. सूनबाईनं, नीलिमानं, मले शिकवलं. पहिल्या खेपेला मी असा जोर लावला की पंखा पायाखाली आणि फरशी डोक्यावर. नीलिमा म्हणाली, "आई, बैलगाड़ी नहीं हाँकनी है, धीरे." मग जमलं.

काल दुपारी दोघं बाहेर गेल्यावर मी एकटीनंच उघडलं. म्हटलं, विकायच्या आधी आपलं घर एकदा निवांत पाहून घ्यावं. दारातून आत आली, डावीकडे वळली, तर समोरच्या खोलीची भिंत कोरी. बुद्धांचा फोटो नाही, बाबासाहेबांचा नाही, खिळासुद्धा नाही. खुर्चीतून उठून खरी भिंत पाहून आली. दोन्ही फोटो जागेवर, खाली सकाळच्या अगरबत्तीची राख. परत येऊन चित्र हळूहळू पूर्ण फिरवलं. कपाटाचा आरसा आला, आणि त्या आरशात दोन्ही फोटो साफ दिसले. म्हणजे कॅमेरा लावला तेव्हा फोटो भिंतीवरच होते. मागाहून कोणीतरी कम्प्युटरवर पुसले, आणि आरसा पुसायचा राहिला.

संध्याकाळी लोकेशले विचारलं. वाटलं, भार्गववर ढकलेल. पण मान खाली घालून म्हणाला की मीच सांगितलं होतं. दिवाळीनंतर दोन गिऱ्हाइकं आली होती. छान बोलत आत शिरली, ती भिंत पाहिली, आणि हातातला पाण्याचा ग्लास तसाच ठेवून उठली. पुन्हा त्यांचा फोन नाही. लोकेशचं म्हणणं, फोटो तर आपल्यासंग बिलासपूरला येणारच आहेत, चित्रात नसले तर बिघडलं काय.

मले काही जेवण गेलं नाही. तू मोठी आहेस, काय करावं ते लिही. मायेत उणं पडू देऊ नको.

तुझी,
अंजना


गोंदिया,
दि. १८ जानेवारी २०२५

चि. अंजनास,

सरिताताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. पंखा पायाखाली आला हे वाचून एकटीच हसत बसली.

पण बाकीचं वाचून सांगते, पोट्ट्याशी भांडू नको. लोकेश वाईट नाही, थकला आहे. त्याले बदलीच्या गावी घर पाहिजे. आणि तुले एक गोष्ट सांगते, जी कधी बोलली नाही. या भाड्याच्या घरात आली तेव्हापासून बाबासाहेबांचा फोटो माझ्या आतल्या खोलीत आहे. घरमालक समोरच्या खोलीत येऊन बसतो, काहून उगाच वाद. आत ठेवले म्हणून ते लहान झाले नाहीत, असं मी मनाले सांगते. तूही सांग. घर विकू दे, आणि बिलासपूरला मोठ्या भिंतीवर लाव.

लोकेश-नीलिमाले अ. आ. मोठ्या बहिणीचं ऐकशील, ही खात्री आहे.

तुझी,
सरिताताई


रायपूर,
दि. ५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,

अंजनाचा जयभीम. वि. वि. तुझं पत्र मायेचं होतं, पण या खेपेला मी ऐकलं नाही. रागावायचं असेल तर रागाव.

हे घर बांधताना यांनी काय केलं, तुले ठाऊक आहे. पहिली भिंत उभी राहिली तसा फोटो टांगला, छत नंतर घातलं. पाऊस आला की फोटोवर प्लास्टिक बांधून स्वतः भिजायचे. ते आठवलं आणि मी लोकेशले सांगितलं, "घर माझ्या नावावर आहे. ही भिंत पुसून विकायचं असेल, तर माझी सही मिळणार नाही."

तो म्हणाला, मग हे घर असंच पडून राहील. म्हटलं, राहू दे. ज्याच्या घशाखाली इथलं पाणी उतरत नाही, त्यानं इथं चूल मांडायची काही गरज नाही. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही नुसता डबा भरून देत गेली.

मग भार्गवले मीच बोलावलं. तो गोड बोलून समजावायले लागला, "अम्माजी, एक दीवार ही तो है."

मी म्हटलं, "दीवार ही है, तो पूरी दिखाओ."

कॅमेरा गोल फिरतो, चारी बाजू टिपतो, म्हणून त्यानं सगळ्यांले स्वयंपाकघरात जायले सांगितलं. नीलिमा गेली. मी वंदनेची पांढरी साडी नेसून दोन्ही फोटोंच्या खाली बसली. भार्गव म्हणाला, गिऱ्हाइकाले रिकामी खोली पाहायची असते. म्हटलं, घर अजून रिकामं झालं नाही. पुढे त्यानं विचारलं की चित्र उघडताना पहिले कोणती बाजू दिसू द्यायची. लोक खिडकी ठेवतात, उजेड चांगला येतो. मी जिथं बसली होती तिथंच बसून हात वर करून भिंत दाखवली.

लोकेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आतही नाही आणि बाहेरही नाही. चित्रात त्याचा अर्धा खांदा आणि एक हात आला. भार्गव म्हणाला, हा हात पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम. लोकेश इतकंच म्हणाला, "रहने दो, भैया." त्या दिवशी त्यानं माझ्या हातची भाजी मागून घेतली.

अजून कोणाचा फोन आला नाही. बिलासपूरला तो सध्या क्वार्टरमध्ये राहील, मी इथं झाडत राहीन. तुझ्या आतल्या खोलीबद्दल मी काही म्हणत नाही; तुझं घर, तुझा घरमालक, तू मोठी. माझ्याकडचं एवढंच सांगते. आता जो कोणी हे घर कम्प्युटरवर उघडेल, त्याले आधी ते दोघं दिसतील आणि खाली मी. ज्याले पाहवत नसेल, त्यानं स्वतःच्या हातानं तोंड फिरवून घ्यावं.

न ऐकणाऱ्या बहिणीवरही जीव असू दे.

तुझी,
अंजना